अमेरिकेतील पहिल्या वर्षाचा इंग्रजी लेखनवर्ग मुलीने कसा निवडावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी नाशिकमधून बारावी झाली, पहिलीपासून इंग्रजी माध्यम, बोर्डात इंग्रजीला ८९ गुण. आता ती अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठात संगणकशास्त्राच्या पदवीसाठी निघाली आहे. टोफेल या इंग्रजीच्या प्रवेशचाचणीचे गुण पुरेसे असूनही विद्यापीठाने तिला एक प्रश्नावली पाठवली असून पहिल्या सत्रात नेहमीचा लेखनवर्ग घ्यायचा, जोडतासासह (म्हणजे त्याच शिक्षकांबरोबरच्या आणखी एका तासासह) घ्यायचा, की बहुभाषिक विद्यार्थ्यांच्या तुकडीत बसायचे, हे तिनेच ठरवायचे आहे. यात तिच्या इंग्रजीवर अविश्वास आहे का, आणि तिने काय निवडावे, असे आपण विचारले आहे.

मी सांगली जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात नऊ वर्षे इंग्रजी शिकवले आणि गेली अकरा वर्षे कॅलिफोर्नियातील एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयात) हाच पहिल्या वर्षाचा लेखनवर्ग घेते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या उत्तरपत्रिका माझ्या हातांखालून गेल्या आहेत. अविश्वास अजिबात नाही. अमेरिकेत जन्मलेल्या, घरी इंग्रजीच बोलणाऱ्या मुलांनाही हा वर्ग सहसा चुकत नाही आणि त्यांचीही हीच विभागणी होते. टोफेल प्रवेशापुरते असते. लेखनवर्गाचा निर्णय त्यापुढचा आणि वेगळा. माझा सल्ला विचाराल, तर तिने आजवर चार-पाच पानांचा, स्वतःची बाजू मांडणारा आणि दोन-तीनदा पुन्हा लिहिलेला निबंध कधीच लिहिला नसेल, तर जोडतासासह असलेला नेहमीचा वर्ग घ्यावा.

८९ गुणांचे काय, हा पुढचा प्रश्न स्वाभाविक आहे. आपल्याकडच्या बारावीच्या कृतिपत्रिकेत लेखनकौशल्याच्या नावाखाली काय असते ते आठवून पाहा: अपील, मुलाखतीचे प्रश्न, चित्रपट परीक्षण, कल्पनाविस्तार. प्रत्येक उत्तर शंभर-दीडशे शब्दांचे, आराखडा ठरलेला, आणि परीक्षेआधी ‘अपेक्षित’मधून घोटून घेतलेला. हे मी नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. नऊ वर्षे मी स्वतः तेच घोटून घेतले आहे आणि माझ्या मुलांना त्यात चांगले गुणही मिळाले आहेत. पण इकडच्या वर्गात सत्रभरात तीन-चार मोठे निबंध असतात. आधी एखादा कठीण लेख वाचायचा, लेखकाचे म्हणणे त्याच्याशी प्रामाणिक राहून मांडायचे, मग ते आपल्याला कुठे पटते आणि कुठे पटत नाही हे पुराव्यानिशी लिहायचे. कच्चा खर्डा वर्गसोबत्यांना वाचायला द्यायचा, त्यांचे ऐकायचे आणि अर्धे पान निर्दयपणे खोडायचे. कोणाचे वाक्य कुठून घेतले याची नोंद प्रत्येक ठिकाणी करायची. गाइडमधला परिच्छेद आठवून उतरवणे हा आपल्याकडे अभ्यास असतो, इकडे त्यावरून चौकशी होते. ८९ गुण तिला इंग्रजी येते हे सांगतात, हे काम तिने केले आहे की नाही हे सांगत नाहीत.

मुलांना कोणत्या वर्गात बसवायचे, हा प्रश्न इकडे जुना आहे. हार्वर्डने १८७४ मध्ये प्रवेशपरीक्षेत इंग्रजी लेखन घातले, तेव्हापासून तो मिटलेला नाही. पुढे बहुतेक ठिकाणी संगणकावरच्या चाचण्या आल्या. अधोरेखित वाक्यासाठी चार पर्याय, त्यातला शुद्ध निवडा. विद्यार्थ्याने स्वतः एकही वाक्य न लिहिता त्याला लेखन येते की नाही हे ठरत असे आणि गुण कमी पडले तर त्याला एक, दोन, कधी तीन पायऱ्या खालच्या वर्गात पाठवत. त्या वर्गांची फी भरावी लागे, पण त्यांची श्रेयांके (क्रेडिट्स) पदवीत धरली जात नसत, आणि पुष्कळ मुले त्या पायऱ्यांवरच कंटाळून शिक्षण सोडून जात. कोलंबिया विद्यापीठातील कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्राने २०१२ मध्ये या चाचण्या तपासल्या तेव्हा असे दिसले, की पुढे मूल वर्गात कसे करील याचा अंदाज चाचणीपेक्षा शाळेतल्या गुणांवरून अधिक चांगला येतो. ‘कंपास’ ही मोठी चाचणी तिच्या कंपनीनेच २०१६ मध्ये बंद केली. कॅलिफोर्नियात २०१७ मध्ये कायदा झाला आणि २०१९ पासून आम्हाला कोणालाही सहजासहजी खालच्या वर्गात टाकता येईनासे झाले. वरच्या वर्गात विद्यार्थी यशस्वी होण्याची शक्यता फारच कमी आहे आणि खालच्या वर्गाने त्याचा फायदाच होईल, हे महाविद्यालयाला दाखवावे लागते.

आमच्या महाविद्यालयात त्याआधी चाचणीबरोबर एक उतारा देऊन त्यावर लेखनाचा नमुनाही घेत. प्रत्येक नमुना दोघांनी वाचायचा, एक ते सहा गुण द्यायचे, आणि दोघांत एकापेक्षा जास्त अंतर पडले तर तिसऱ्याकडे जायचे. एका दुपारचे दोन नमुने मला अजून आठवतात. उतारा होता शाळेत मोबाइलवर बंदी असावी, असे म्हणणारा. पहिला नमुना भारतातून आलेल्या मुलीचा असावा, हे दुसऱ्याच ओळीत कळले, कारण सुरुवात ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात’ अशी होती. व्याकरण निर्दोष, अक्षर मोत्यासारखे. तीन परिच्छेदांत उताऱ्याचा सारांश, एका परिच्छेदात फायदे, एकात तोटे, शेवटी सुवर्णमध्य. लेखकाशी ती कुठेच बोलत नव्हती. दुसरा नमुना एका शेतमजूर कुटुंबातल्या, घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलाचा. क्रियापदांचे काळ जागोजागी चुकलेले, पण तिसऱ्या परिच्छेदात त्याने लेखकाला पकडले होते: आई रात्रपाळीला असते, धाकट्या भावाला दमा आहे, फोन बंद ठेवा म्हणणाऱ्या माणसाने माझ्या घराचा विचारच केलेला नाही. मी मुलीला पाच आणि मुलाला तीन गुण दिले. माझ्या सहकारी बाईंनी मुलीला तीन, मुलाला पाच. दोन्ही तिसऱ्याकडे गेले, आणि त्या संध्याकाळी आमचा बराच वाद झाला. मला हरल्यासारखे वाटले, हे कबूल करते. मी माझ्याच जुन्या वर्गाला गुण देत होते.

आपल्या मुलीला आलेली प्रश्नावली याच अनुभवातून निघाली आहे. मिशिगनमधील ग्रँड व्हॅली स्टेट विद्यापीठाने १९९६ मध्ये चाचणी बाजूला ठेवून विद्यार्थ्यांनाच निवड करू दिली: नेहमीचा आणि त्याआधीचा असे दोन्ही वर्ग कसे आहेत ते समजावून सांगायचे, तुम्ही स्वतःहून वाचता का, शाळेत वर्षभरात किती निबंध लिहिलेत असे विचारायचे, आणि निर्णय त्यांच्यावर सोपवायचा. पुढे अनेक ठिकाणी ही पद्धत आली. परदेशातून येणाऱ्यांच्या गुणपत्रिका इकडच्या मापात नीट बसत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी ती विशेष सोयीची ठरते. मात्र ती उत्तरे खरी असली तरच चालते. मी पाहिले आहे, की भारतीय मुले ही प्रश्नावली सोडवताना शेजारी वडील बसलेले असतात. एक वडील म्हणतात वरचाच घे, लोक काय म्हणतील. दुसरे म्हणतात सोपा घे, ‘ए’ मिळेल, जीपीए (गुणांची सरासरी) सांभाळला जाईल. रागावू नका, पण आपण तिला ती एकटीने भरू द्यावी. शाळेत भरपूर लिहिले का, या प्रश्नाला तिने वह्या भरल्या म्हणून ‘हो’ म्हणू नये; फळ्यावरून उतरवलेले आणि डिक्टेशन त्यात धरू नये.

जोडतासाबद्दल थोडे विस्ताराने सांगते, कारण ‘जादा तास’ म्हटले की आपल्याला ढ मुलांची शिकवणी आठवते. बाल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजने २००७ मध्ये ही पद्धत सुरू केली तेव्हा विसांच्या नेहमीच्या वर्गात आठ मुले अशी असत, की त्याच शिक्षकांबरोबर ती लगेच आणखी एक तास बसत. मुख्य वर्ग तोच, निबंध तेच, श्रेयांके तीच. फरक एवढाच, की सात-आठ जणांमध्ये शिक्षक तुमचा खर्डा समोर ठेवून ‘हे वाक्य इथे का आहे?’ असे विचारू शकतात. आपल्या मुलीला साठ-सत्तरांच्या वर्गाची सवय असेल. तिच्यासाठी हा तास म्हणजे चैन आहे. मला विसाव्या वर्षी कोणी दिला असता तर मी आनंदाने घेतला असता.

बहुभाषिक तुकडीबद्दल मी सरसकट बोलत नाही, कारण ती प्रत्येक विद्यापीठात वेगळी असते. काही ठिकाणी ती नेहमीच्या वर्गाच्या तोडीची असते, फक्त शिक्षक दुसऱ्या भाषेतून आलेल्यांना शिकवण्यात मुरलेले असतात, आणि तिथे जाण्यात कमीपणा काहीच नाही. काही ठिकाणी ती त्याआधीची पायरी असते, आणि मग पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलीचे एक सत्र आणि आपले डॉलर वाया जाऊ शकतात. म्हणून तिने लेखन विभागाला स्वतः ईमेल करून दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: हा वर्ग पदवीच्या लेखनाच्या अटीत धरला जातो का, आणि यानंतर आणखी किती वर्ग घ्यावे लागतील. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला दर सत्रात साधारण बारा श्रेयांके घ्यावीच लागतात. त्यातली तीन-चार पदवीत न मोजणाऱ्या वर्गावर खर्च होत असतील तर ते आधी कळलेले बरे.

आणखी एक. पहिल्या आठवड्यात बहुतेक शिक्षक वर्गातच एक छोटा लेखनाचा नमुना लिहून घेतात. तो वाचून त्यांनी वर्ग बदलायला सुचवले, वरचा किंवा खालचा, तर तिने आपल्याला फोन करण्याआधी सल्लागाराकडे जावे. वर्ग बदलण्याची मुदत फार थोडे दिवस असते, आणि जोडतास असलेल्या तुकड्या लहान असल्याने लवकर भरतात.