फॅटी लिव्हर आहे, वजनाचं ऑपरेशन करून घेऊ का? मोठा भाऊ म्हणतो हा शॉर्टकट आहे

तुमचं वजन 112, फॅटी लिव्हर ग्रेड 2, डॉक्टर बॅरिअॅट्रिकचं म्हणतायत आणि भाऊ म्हणतोय कमी खा, चालायला जा, शॉर्टकट कशाला. बाकीचं राहू द्या, हा ‘शॉर्टकट’ शब्द वाचूनच लिहायला बसलो, कारण हाच शब्द माझ्या दादानं वापरला होता आणि तोही माझ्या दुकानात, चार गिऱ्हाइकं उभी असताना.

मी फलटणचा, खता-बियाण्यांचं दुकान आहे. बाविसाव्या वर्षापासून गळ्यात माळ. दारू सोडा, अंडंसुद्धा कधी खाल्लेलं नाही. 2022 च्या उन्हाळ्यात उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं म्हणून सोनोग्राफीला गेलो. डॉक्टरांनी पोटाला ती गार जेल फासली आणि स्क्रीनकडे बघतच विचारलं, ‘किती घेता?’ मला वाटलं चहाचं विचारतायत. म्हटलं, ‘आठ-दहा तरी होतात, सीझनला जास्त.’ त्यांचा हात थांबला. ‘रोज?’ ‘हो, दुकानात कोणी आलं की घ्यावाच लागतो.’ मग त्यांचं लक्ष माळेकडे गेलं आणि दोघंही हसलो, पण रिपोर्टवर ग्रेड 2 आलंच.

हसणं तिथंच संपलं. लिव्हरचं काहीतरी निघालंय हे गावात कळलं की लोक पहिलं काय समजतात हे तुम्हाला सांगायला नको. कीर्तनात शेजारी बसणारे एक बुवा हळूच म्हणाले, ‘माऊली, काही असेल तर सोडून द्या.’ काय सोडू, साबुदाणा? म्हणजे खरं तर तोच सोडायला हवा होता. एकादशीला खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स, वर राजगिऱ्याचे लाडू, आणि एरवी रोज दहा चहा, प्रत्येकात दीड चमचा साखर. जादाची साखर लिव्हर चरबी करून स्वतःजवळच ठेवतं, त्याला माळ दिसत नाही. 2023 मध्ये तर डॉक्टर लोकांनी या आजाराच्या इंग्रजी नावातून ‘नॉन-अल्कोहोलिक’ हा शब्दच काढून टाकला आणि ‘मेटाबॉलिक’ घातला. बुवांना हे कोण सांगणार.

बरं, रक्तातलं लिव्हरचं एसजीपीटी माझं नॉर्मल होतं. त्यावर दादा म्हणाला बघ, काही नाहीये. तुम्ही यावर जाऊ नका. ग्रेड म्हणजे चरबी किती दिसते एवढंच, लिव्हर किती कडक झालंय ते फायब्रोस्कॅनवर कळतं, तो केला नसेल तर आधी करा. माझा आकडा 10.4 आला, 7 च्या आत हवा असतो. म्हणजे नुसती चरबी नाही, आत वण पडायला लागले होते. तिथून ऑपरेशनचा विषय निघाला.

आता शॉर्टकट. मी डाएट केलं नव्हतं का? 2017 ला नऊ किलो उतरवले, दीड वर्षात बारा परत आले. 2020 ला परत सहा उतरवले, तेही परत आले. डाएटनं लिव्हर सुधारतं हे शंभर टक्के खरं आहे, पाच टक्के वजन गेलं तरी चरबी कमी होते, सूज आणि वण मागे हटायला मात्र सात ते दहा टक्के किंवा त्याहून जास्त लागतं. पण ते उतरलेलं वजन खालीच राहायला हवं ना! दादा आयुष्यभर 62 किलो आहे, त्याला काय माहीत रात्री अकराला भूक कशी लागते ते. स्लीव्ह म्हणतात त्या ऑपरेशनमध्ये जठराचा पाऊण भाग किंवा जास्तच काढतात, आणि भुकेचं हार्मोन मुख्यतः त्याच भागात बनतं, म्हणून ती भूकच कमी होते. रोमच्या डॉक्टरांनी 288 लोकांवर केलेला अभ्यास 2023 ला लॅन्सेटमध्ये आला होता, सगळे लठ्ठ आणि लिव्हरला सूज असलेले. वर्षभरानंतर बायोप्सीत ऑपरेशनवाल्यांपैकी 56-57 टक्के लोकांची सूज गेलेली, डाएट-व्यायामवाल्यांपैकी 16 टक्क्यांची. मी याची प्रिंट काढून दादाला दिली. त्यानं त्यावर दुधाचा हिशोब लिहिला.

पैशाचंही ऐका. मेडिक्लेम असेल तर आधी पॉलिसी वाचा. नियमात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 40 किंवा जास्त, नाहीतर 35 किंवा जास्त आणि सोबत हृदयाचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर प्रकार नाहीतर आटोक्यात नसलेली शुगर, असं आहे. फॅटी लिव्हर त्या यादीतच नाही. माझं वजन 107, बीएमआय 38, शुगर गोळ्यांवर आटोक्यात, क्लेम नामंजूर. गोळ्या वेळेवर घेतल्या हाच माझा गुन्हा. तुम्ही उंची लिहिली नाहीत, त्यामुळे तुमचं काय होईल ते सांगता येत नाही. मी एफडी मोडली, थोडे दादाकडे मागितले तर म्हणाला, ‘पोट कापायला मी पैसे देणार नाही, ट्रेडमिल घ्यायला देतो.’

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे जवळजवळ पातळच खायचं असतं. लिव्हर सुजून मोठं असतं आणि जठराच्या वर येतं, सर्जनला ते उचलून धरावं लागतं, म्हणून आधी आकसवतात. नेमका त्यात पुतणीचा साखरपुडा आला. पंगतीत माझ्यापुढे ताकाचा ग्लास, शेजारच्या पानात जिलबी, आणि दादा मुद्दाम वाढायला आमच्याच रांगेत. ज्याला हे शॉर्टकट वाटतं त्यानं तो साखरपुडा करून बघावा.

थिएटरमध्ये नेताना सिस्टर म्हणाल्या माळ काढा. मी नाही म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही, माळ मनगटाला गुंडाळून वर पांढरी पट्टी चिकटवली. शुद्धीवर आल्यावर पहिला हात तिथंच गेला.

दीड वर्षानं वजन 76, फायब्रोस्कॅन 6.1. शुगरची गोळी बंद. तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं ‘हो’ असं आहे.

फुकटात काही मिळालं नाही हेही सांगतो. चौथ्या महिन्यात केस मूठ-मूठ गळले, मग आले. झपाट्यानं वजन उतरलं की पित्ताचे खडे होतात, त्यासाठी सहा महिने गोळी घेतली. शाकाहारी असाल तर बी-12 आणि प्रोटीन जन्माचं मागे लागतं, मी पनीर, मूग आणि व्हे पावडरवर आहे. आधीच खूप अॅसिडिटी असेल तर स्लीव्हनं वाढू शकते, मग जठराच्या बायपासचं विचारा. सिरॉसिस पुढे गेला असेल, पोटात पाणी वगैरे, तर हे ऑपरेशन धोक्याचं, तिथं लिव्हरच्या डॉक्टरांचंच ऐकायचं. आणि दारू घेत असाल तर बंद, ऑपरेशननंतर थोडीही लवकर चढते. 2025 मध्ये मौन्जारो, वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनंही आपल्याकडे आलीत, माझ्या वेळी नव्हती, तेही विचारून घ्या, फक्त ती बंद केली की वजन बहुतेकांचं परत येतं.

यंदा पालखीबरोबर लोणंद ते फलटण चाललो, तरडगावचा मुक्काम धरून. आल्यावर जेवायला दादाकडे, वहिनींनी पिठलं-भाकरी केलेली. मी अर्धी भाकरी घेतली, उरलेली अर्धी वहिनींनी दादाच्या ताटात टाकली. दादा माझ्या ताटाकडे बघत म्हणाला, ‘एवढंच खायचं होतं तर आधीच खाल्लं असतंस, साडेतीन लाख वाचले असते.’ मला आता एक घास वीस-पंचवीस वेळा चावावा लागतो, तोंडात घास होता, त्यामुळे उत्तर द्यायचं राहून गेलं. ते इथं दिलं.