हँडलला झिणझिण्या येत असतील तर ओव्हन आजपासूनच बंद ठेवा

तुम्ही लिहिले आहे की नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या नव्या फ्लॅटमध्ये बिल्ट-इन डबल ओव्हन बसवल्यावर खालचा ओव्हन लावला की आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा बोर्डावरचा स्विच) पडत होता, कंपनीचा माणूस येऊन गेल्यापासून तो पडायचा थांबला, आणि आता अनवाणी उभे राहून दाराच्या हँडलला हात लावला की झिणझिण्या येतात. आमच्या इंदिरानगरच्या घरात हेच याच क्रमाने घडले होते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मी इलेक्ट्रिशियन नाही. घरून बेकिंगच्या ऑर्डर घेते आणि ओव्हन रोज वापरते, एवढाच माझा अधिकार. तेव्हा पुढचे सारे परवानाधारक वायरमनकडून पडताळून घ्यावे. एक गोष्ट मात्र पडताळणीची वाट न पाहता करा: ओव्हनचा एमसीबी (बोर्डावरचा त्या लाइनचा सुरक्षा-स्विच) खाली पाडून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना तसे सांगून ठेवा.

आरसीसीबी फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची सतत तुलना करतो. घरगुती आरसीसीबी बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो, म्हणजे तेवढी तफावत होण्याच्या आत त्याने पुरवठा तोडणे अपेक्षित असते. ओव्हनच्या कॉइलमधून थोडा प्रवाह धातूच्या अंगावर गळत असेल, तर तो अर्थिंगच्या हिरव्या वायरने जमिनीत जातो, तफावत निर्माण होते आणि आरसीसीबी पडतो. हीच हिरवी वायर कोणी काढून ठेवली, तर गळणाऱ्या प्रवाहाला जायला वाटच उरत नाही, आरसीसीबी पडायचा थांबतो, आणि घरातल्यांना वाटते की बिघाड दुरुस्त झाला. प्रत्यक्षात गळती जिथल्या तिथे असते, ओव्हनचे सगळे अंग भारित राहते, आणि तिला वाट मिळते ती ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरातून.

आमच्याकडे सेवा केंद्राचा टेक्निशियन आला, त्याने ओव्हन पुढे ओढून मागचे झाकण उघडले, थोड्याच वेळात ते पुन्हा लावले आणि ‘आता पडणार नाही’ असे सांगून तो गेला. आरसीसीबी खरोखरच पडेनासा झाला. पुढे एके दिवशी सासूबाईंनी फरशी पुसून झाल्यावर ओव्हनचे दार उघडायला हँडल धरले आणि झटका बसल्यासारखा हात मागे घेतला. केंद्राला फोन केला तेव्हा उत्तर मिळाले की स्टीलच्या हँडलला थोडे जाणवतेच, चपला घालून वापरा. मी ते लेखी द्यायला सांगितले, तर फोन दुसऱ्या विभागाकडे वळवला गेला आणि तिथून पुन्हा पहिल्याकडे. शेवटी आमच्या ओळखीच्या वायरमनने ओव्हन बाहेर काढला. मागच्या टर्मिनलवर तपकिरी आणि निळी वायर नीट आवळलेली होती, अर्थिंगचा स्क्रू रिकामा होता, आणि हिरवी वायर कापून, मागे दुमडून, काळ्या टेपने गुंडाळून केबलच्याच अंगाला चिकटवलेली होती. टेप इतकी व्यवस्थित लावलेली होती की हे घाईत राहून गेले असे म्हणायला जागाच नव्हती. केंद्राने मात्र काहीच मान्य केले नाही. त्यांच्या जॉब शीटवर ‘तपासले, ओके’ एवढेच लिहिलेले होते, आणि बाहेरच्या माणसाने ओव्हन उघडला म्हणून वॉरंटी संपली, असे आम्हाला ऐकवण्यात आले. कॉइलचा खर्च आम्ही केला, पण त्याचे मला तितके वाटत नाही. घरातल्या वयस्कर माणसाच्या जिवाशी खेळून त्याला दुरुस्ती म्हटले गेले, याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून तुम्हाला आग्रहाने सांगते की ओव्हन उघडायचा तेव्हा टेक्निशियनच्या किंवा वायरमनच्या शेजारी उभे राहा, मागचे झाकण निघताच टर्मिनलचा फोटो काढा आणि काम झाल्यावर झाकण लावण्यापूर्वी पुन्हा काढा. वॉरंटी चालू असेल तर आधी केंद्राला लेखी कळवून त्यांच्याच माणसाकडून उघडून घेणे चांगले. जॉब शीटवर ‘आरसीसीबी पडतो, अंगाला झिणझिण्या येतात’ ही तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि तुमची प्रत ताब्यात घेतल्याशिवाय सही करू नका. टाळाटाळ झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येते. आमच्याकडे झटका बसण्याआधीचे फोटो नव्हते, आणि केंद्राने नेमका त्याचाच फायदा घेतला.

तुमच्याकडेही वायर कापलेलीच आहे, असे मी म्हणत नाही. स्क्रू सैल असू शकतो, सॉकेटमागची अर्थ वायर तुटलेली असू शकते, किंवा इमारतीच्या मीटर रूममधून तुमच्या फ्लॅटपर्यंत अर्थिंग आलेलेच नसू शकते. वायरमनला ओव्हनच्या अंगापासून घरच्या मुख्य बोर्डाच्या अर्थ पट्टीपर्यंत सलगता, म्हणजे वाट मध्येच कुठे तुटलेली नाही ना, हे तपासायला सांगा, आणि नंतर ती पट्टी पुढे जमिनीपर्यंत पोहोचते का हेही बघायला सांगा. नुसता टेस्टर लावून ‘पेटतोय, नाही पेटत’ यावर निर्णय घेऊ देऊ नका. आमच्यासारख्या रो-हाउसवाल्यांना एक गोष्ट जास्त जपावी लागते: नाशिकमध्ये पुष्कळ ठिकाणी थोडे खणले की काळा बसाल्ट लागतो, त्यामुळे अर्थिंगचा पाइप पूर्ण खोल गेलेला नसतो, आणि वैशाखात माती कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो. खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहावे आणि अर्थ टेस्टरने मोजणी करून घ्यावी.

आता मूळ गळतीविषयी. ओव्हनच्या कॉइलमध्ये तार आणि बाहेरची धातूची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी दाबून भरलेली असते. ती उष्णता वाहून नेते आणि वीज अडवते, पण हवेतली ओल शोषून घेते. पावसाळाभर गोदामात पडून राहिलेला, किंवा घरात असूनही जूनपासून सप्टेंबरपर्यंत न वापरलेला ओव्हन पहिल्यांदा लावल्यावर आरसीसीबी पाडतो, याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. डबल ओव्हनमध्ये खालचा भाग कमी वापरला जातो, म्हणून हा त्रास बहुधा खालूनच सुरू होतो. जाणकार टेक्निशियन प्रत्येक कॉइल सुटी करून मेगरने (वीज किती अडवली जाते हे मोजणाऱ्या यंत्राने) तपासतो, दोषी कॉइल शोधतो, ती आपल्या देखरेखीखाली कमी तापमानावर वाळवून पुन्हा मोजतो आणि आकडा सुधारला नाही तर बदलतो. हे काम वेळखाऊ आहे, पण खरी दुरुस्ती ती हीच. आरसीसीबी काढून टाका किंवा ओव्हनला त्याच्या बाहेरून लाइन द्या, असे सुचवणाऱ्या माणसाला पुन्हा घरात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकदा गळती गेली की पावसाळ्यात अधूनमधून दोन्ही ओव्हन थोडा वेळ रिकामे तापवत जा. मी श्रावणापासून हे न चुकता करते आणि दिवाळीच्या नानकटाईला ओव्हन अडून बसत नाही.

तुमच्या इलेक्ट्रिशियनने एसीच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर प्लग लावून दिला आहे, तेही बदलावे लागेल. २३० व्होल्टवर १६ अँपिअर म्हणजे जेमतेम ३,७०० वॅट. डबल ओव्हनची नेमप्लेट वाचा, ती दाराच्या कडेला किंवा चौकटीवर असते. वरचा ओव्हन २,५०० आणि खालचा ३,००० वॅटचा धरला, तरी दोन्ही मिळून २४ अँपिअरच्या घरात जातात. एक-एक ओव्हन लावला तर चालते, हे खरे, पण सणाच्या दिवशी दोन्ही एकदम लागणारच, आणि तेव्हा प्लगच्या पिना तापून सॉकेटचे प्लास्टिक वितळते. डबल ओव्हनला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन हवी, ती प्लगशिवाय थेट टर्मिनलला जोडलेली हवी. ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, ३२ अँपिअरचा एमसीबी आणि फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल स्विच, अशी मांडणी मला योग्य वाटते. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळे आकडे असतील तर तेच पाळावेत. स्विच ओव्हनच्या मागे नसावा, शेजारच्या कपाटात हात पोहोचेल असा असावा. ज्यांच्याकडे थ्री-फेज आहे, त्यांनी टर्मिनलवरच्या पितळी पट्ट्या मागच्या आकृतीप्रमाणेच बसल्या आहेत याची खात्री करावी, कारण २३० व्होल्टचा ओव्हन चुकून दोन फेजांमध्ये जोडला गेला तर त्याला ४०० व्होल्टच्या आसपास मिळतात.

महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तोही बघा. गिझर, एसी आणि डबल ओव्हन यांची बेरीज त्यापेक्षा जास्त होत असेल, तर भारवाढीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. मीटरवर कमाल अँपिअरही लिहिलेले असतात. पुष्कळ घरांत तो आकडा ३० असतो, आणि एकटा ओव्हन २४ घेतो हे लक्षात घेतले की गिझर त्याच वेळी का लावू नये, ते वेगळे सांगावे लागत नाही.

फर्निचरबद्दल फार लिहीत नाही. ९० सेंटिमीटरच्या आसपास उंचीच्या डबल ओव्हनला टॉल युनिटमध्ये (उभ्या उंच कपाटात) साधारण ५६० मिलिमीटर रुंद आणि किमान ५५० मिलिमीटर खोल जागा लागते, पण सुताराला या आकड्यांवर फळी कापायला न सांगता तुमच्या मॉडेलचा नकाशाच हातात द्या. मागची फळी कापलेली हवी आणि खालून हवा आत येऊन वरून बाहेर जायला वाट हवी. मॉड्युलर किचनवाले दिसायला बरे म्हणून ही वाट पट्टी मारून बंद करतात. ते होऊ देऊ नका. ओव्हनचे वजन खालच्या फळीवर पेलले गेले पाहिजे, कारण बाजूचे दोन स्क्रू फक्त तो पुढे कलंडू नये म्हणून असतात. उचलताना दाराचे हँडल धरायचे नाही, आणि उचलायला दोन माणसे हवीतच.

वापरातल्या एका सवयीविषयी मात्र मला आवर्जून लिहावेसे वाटते, कारण ती आपल्या घराघरात आहे. काम झाले की भिंतीवरचा स्विच बंद करायचा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. बिल्ट-इन ओव्हनला ते चालत नाही. ओव्हन बंद केल्यावरही आतला कूलिंग फॅन काही वेळ फिरत राहतो आणि कंट्रोल पॅनल व आजूबाजूचे लाकूड थंड करतो. स्विच लगेच पाडला तर साठलेली उष्णता इलेक्ट्रॉनिक्सला आणि कपाटाच्या लॅमिनेटला लागते. फॅन आपोआप थांबेपर्यंत थांबा, मग हवा तर स्विच बंद करा. ओव्हनच्या तळाला अॅल्युमिनियमची फॉइल अंथरू नका, खालची उष्णता अडून तळाचे इनॅमल खराब होते. तापलेल्या काचेवर ओले फडके फिरवू नका. खालच्या ओव्हनचे दार रांगत्या मुलाच्या हाताच्या उंचीवर असते, म्हणून घरात लहान मूल असेल तर चाइल्ड लॉक लावा आणि शक्यतो वरचाच ओव्हन वापरा.

तुमच्या वायरमनने झाकण उघडल्यावर हिरव्या वायरची स्थिती, नेमप्लेटवरचे वॅट आणि एसीच्या लाइनला वापरलेल्या वायरची जाडी, एवढे तीन तपशील लिहा. आमच्या वायरमनला दाखवून त्याचे म्हणणे मी कळवते. तोपर्यंत एमसीबी वर करू नका.