काम मुलांच्या नावावर करा

प्रश्न : आम्ही भांडुपला राहतो. पती आणि मी दोघेही नोकरीसाठी सकाळी साडेसातची लोकल पकडतो. घरी सासूबाई असतात. मुलगा दहा वर्षांचा आहे, मुलगी सात वर्षांची. कामाला हात लाव म्हटले की मुलगा दहा रुपये मागतो, मुलगी उत्साहाने येते पण पसारा वाढवते, आणि नातवाने ताट उचललेले सासूबाईंना आवडत नाही. मुलांना जबाबदारी कशी शिकवावी?
– एक वाचक

उत्तर : अडचणीचे मूळ मला आपल्या ‘हात लाव’ या शब्दांतच दिसते. हात लावायचा म्हणजे काम आईचेच राहते आणि मूल सांगेपर्यंत थांबते. त्याऐवजी एखादे लहान काम पूर्णपणे मुलाच्या नावावर करावे. मुंबईत पाणी ठरावीक वेळेलाच येते, म्हणून पिण्याच्या पाण्याचा पिंप भरणे हे काम मुलाकडे सोपवा. कालचे उरलेले पाणी कुंड्यांना घालणे, पिंप विसळणे, पाणी गाळून भरणे, झाकण ठेवणे आणि नळ घट्ट बंद करणे, हे सारे त्यातच आले. पहिले चार दिवस शेजारी उभे राहून दाखवा आणि मग खरोखर बाजूला व्हा. एखाद्या सकाळी तो विसरेल. त्या वेळी आठवण करून देण्याचा मोह आवरणे आईला फार जड जाते, हे मी जाणते. तरीही साठवणीची एक बादली गुपचूप बाजूला ठेवावी आणि ते पाणी उकळून गार होईपर्यंत घरातल्या सगळ्यांना थांबावे लागले, एवढे त्याला दिसू द्यावे. वर बोलणी नकोत.

मुलीचा पसारा हा बहुधा मोठ्या वस्तूंचा दोष असतो. इटलीतील शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधील कष्टकऱ्यांच्या वस्तीत लहान मुलांची शाळा सुरू केली, तेव्हा मुलांच्या हाताला पेलेल अशाच वस्तू आणि फर्निचर देण्यावर त्यांचा भर होता. बालशिक्षणासाठी झटलेल्या ताराबाई मोडक यांनी हा विचार आपल्या मातीत रुजवला. तेव्हा मुलीला लहान सुपली आणि आखूड केरसुणी द्या, शाळेचा डबा घासायला द्या, ओला आणि सुका कचरा वेगळा करायला द्या. डब्याला तेलकटपणा राहिला, तर तिच्यादेखत तो पुन्हा घासू नका. दुसऱ्या दिवशी तिच्याच बोटाला तो लागू द्या.

घरकामाचे पैसे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘आज मला दहा रुपये नकोत’ असे मुलाने म्हटले, की काम टाळण्याचा हक्कच त्याला मिळतो. खाऊचे पैसे द्यायचे असतील, तर त्यांचा कामाशी संबंध ठेवू नये.

सासूबाईंशी मात्र वाद घालू नका. दिवसभर मुलांजवळ त्याच असतात, त्यामुळे त्यांच्या मनाविरुद्ध यातले काहीही टिकणार नाही. त्यांना शिकवण्याचा मान द्या. तांदूळ कसे निवडावेत, बोटाच्या पेराने पाण्याचा अंदाज कसा घ्यावा, हे नातवाला आजीने शिकवावे. शेगडी पेटवताना त्या जवळ असाव्यात. स्वयंपाकघर एकट्या मुलीच्या वाट्याला जाणार नाही, एवढे पाहा. आणि ताटाविषयी बोलायचे, तर ते आधी आपल्या पतींनी उचलावे. मुलगाच काय, सासूबाईही आपल्या मुलाकडे पाहत असतात.

सगळे एकदम सुरू करू नका. आधी पिंप आणि डबा, महिनाभराने भात.