तंबाखू सोडली म्हणता, मग रक्तात कोटिनिन कुठून आलं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न (कोरेगाव, जि. सातारा): माझे मिस्टर खूप वर्षं तंबाखू मळून खायचे. आता टर्म इन्शुरन्ससाठी मेडिकल झालं, त्यात सीरम कोटिनिन 142 आलं आणि कंपनीने हप्ता वाढवून सांगितलाय. हे तर देवाशप्पथ सांगतात की सोडून 15 दिवस झाले. मग खोटं कोण, लॅब का मिस्टर?

उत्तर: ताई, भांडण दोन मिनिटं बाजूला ठेवा, कारण दोघंही खरं असू शकतात. तंबाखूतलं निकोटीन रक्तात टिकत नाही, साधारण दोन तासांत निम्मं होतं, म्हणजे सकाळी बार भरला आणि संध्याकाळी रक्त दिलं तर हातात फारसं काही लागत नाही. पण लिव्हर त्यातल्या 70 ते 80 टक्के निकोटीनचं कोटिनिन करून टाकतं, आणि ते निम्मं व्हायला साधारण 16 तास घेतं, म्हणून लॅबवाले तेच मोजतात. उपाशीपोटी जायची पण गरज नसते.

आता हिशोब करू. रोज खाणाऱ्याच्या रक्तात 100 ते 300 नॅनोग्रॅम प्रति मिली कोटिनिन सर्रास सापडतं, कुणाचं त्याच्याही वर. यांचं सोडायच्या दिवशी 240 होतं असं धरा. एका दिवसाने 85 च्या आसपास, दोन दिवसांनी 30, चार दिवसांनी चारच्या आत. म्हणजे पंधरवड्यापूर्वीच्या तंबाखूचं 142 उरूच शकत नाही, निकोटीन आत्ता आत जातंय एवढं नक्की.

पहिलं विचारा ते निकोटीनच्या गोळीचं. सोडणारे लोक मेडिकलमधून 2 नाहीतर 4 मिलीग्रॅमचं च्युइंगम आणून चघळतात, त्याचंही कोटिनिनच होतं आणि रक्ताला दोन्ही सारखंच. तसं असेल तर कंपनीला लेखी कळवा आणि लघवीतलं अ‍ॅनाबेसिन तपासायची तयारी दाखवा. ते तंबाखूच्या पानात असतं, च्युइंगममध्ये नसतं. सगळ्या लॅबमध्ये होत नाही, आधी फोन करून विचारा.

दुसरं म्हणजे मिश्री. आपल्याकडे पुडी सुटली की तंबाखू सुटली असं धरतात आणि सकाळी दाताला मिश्री लावणं चालूच असतं, ते कुणी मोजतच नाही, विचारलं तर म्हणणार दातासाठी आहे ओ ते. तिसरी शक्यता तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार, शर्ट धुवायला टाकताना खिशात चुन्याची डबी लागते का ते बघा.

प्रश्न (तासगाव, जि. सांगली): सून पाच महिन्यांची गरोदर आहे. माहेरपासून मिश्रीची सवय, दिवसातनं तीन-चार वेळा लावते. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर कोटिनिन 60 आलं, घरात विडी ओढणाऱ्या आमच्या दिरांचं मागे 200 च्या वर आलं होतं. मग सुनेचं एवढं काळजीचं नाही ना? का दिरांच्या धुराचंच आलं असेल? मी पण लावायचे, माझी तिन्ही पोरं धडधाकट आहेत.

उत्तर: मावशी, तुमची पोरं धडधाकट आहेत हे चांगलंच, पण त्यावरून सुनेचं ठरवू नका. धुराचं म्हणाल तर दुसऱ्याच्या विडीने न वापरणाऱ्या माणसाचं कोटिनिन बहुतेक वेळा एकच्या आतबाहेर राहतं, फारच कोंडलेल्या घरात थोडं वर जातं. 60 धुराने येत नाही, ते मिश्रीचं आहे. (दिरांनी बाहेर जाऊन ओढावी, तो वेगळा विषय.)

आणि 60 कमी वाटतंय ना, तिथंच फसगत आहे. गरोदरपणात लिव्हर कोटिनिन भराभर संपवतं, 16 तासांऐवजी साधारण नऊ तासांतच ते निम्मं होतं, त्यामुळे पोटात जाणारं निकोटीन तेवढंच असलं तरी आकडा खाली दिसतो. दिरांच्या आकड्याशी तुलना करूच नका. तव्यावर काळी होईस्तोवर तंबाखू भाजली, कुटून चाळून डबीत भरली, तरी तिच्यातलं निकोटीन राहतंच, आणि बोटाने हिरड्यांवर घासून दहा मिनिटं अंगणात बोलत बसलं की तेवढ्यात ते रक्तात उतरतं. तिथून वारेतून थेट बाळाकडे.

मुंबईत 1217 गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, 2004 साली छापून आला. त्यात तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक जणी मिश्रीच लावणाऱ्या होत्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरलं आणि बाळंतपणही सरासरी सहा दिवस आधी झालं. एक विडी न ओढता हे.

फुंकर मारायच्या कार्बन मोनॉक्साइडच्या मशीनवर विसंबू नका, ते धूरवाल्यांसाठी आहे, मिश्रीवाली त्यात आरामात पास होते. सुनेला रागवू नका, डबी घरातनं काढा, तुमचीही असली तर तीही. बदली म्हणून निकोटीनचं च्युइंगम आपल्या मनाने देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा. बंद केल्यावर आठवड्याने परत रक्त तपासलं तर आकडा पार तळाला गेलेला दिसेल.

प्रश्न (मिरज): मी आणि मित्र दोघं रोज सारख्याच पुड्या खातो. माझं 310, त्याचं 150. मला कॅन्सरचा धोका डबल का?

उत्तर: नाही, भाऊ. कोटिनिन मोडणारं लिव्हरमधलं एन्झाइम काहींचं मुळातच संथ चालतं, त्यांचा आकडा चढाच राहतो. चुना जास्त घातला की निकोटीन गालातनं जास्त शोषलं जातं, शिवाय एखादा रस थुंकतो आणि एखादा गिळतो, गिळलेलं आधी लिव्हरकडे जात असल्याने कोटिनिन जास्त बनतं. आणि कॅन्सर करणारे मुख्य पदार्थ तंबाखूतले नायट्रोसामाइन, ते या रिपोर्टमध्ये मोजलेलेच नाहीत. म्हणून 150 वाल्यानेही खूश व्हायचं कारण नाही. दोघं मिळून दातांच्या डॉक्टरकडे जा आणि जिथं बार धरता त्या गालाच्या आतली बाजू दाखवा, पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, तोंड पूर्ण उघडतंय का ते बघतील. सोडायचं मनात आलं तर 1800-11-2356 वर फोन लावा, पैसे लागत नाहीत.