व्यवहार्यता अभ्यासाचे उत्तर ‘नाही’ असे आले तर?

प्रकल्पाची फाइल जमा करण्याची तारीख जवळ आली की बारावीची मुले आणि त्यांचे पालक हमखास एक प्रश्न घेऊन येतात: एखाद्या व्यवसायाचा व्यवहार्यता अभ्यास (तो चालेल की नाही याची आधीच केलेली तपासणी) केला आणि हिशेबात धंदा तोट्यात जातो असे निघाले, तर गुण कापले जातील का? केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या ‘उद्योजकता’ या विषयात लेखी परीक्षेला 70 आणि प्रकल्पाला 30 गुण असतात, त्यामुळे या काळजीला अगदीच आधार नाही असे म्हणता येत नाही. पुण्यातील एका विद्यार्थिनीच्या अनुभवातून या प्रश्नाचे उत्तर देतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

या मुलीला तिची आई माझ्याकडे घेऊन आली, ती झोपेच्या तक्रारीमुळे. मुलगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत एकच तक्ता पुनःपुन्हा लिहीत बसे आणि जेवणावरून उठून जाई. प्रकल्पाचा विषय आईच्याच हातचा होता: घरी उकडीचे मोदक करून वर्षभर विकता येतील का? एक मोदक 35 रुपयांना विकायचा, पिठी, नारळ, गूळ, तूप, गॅस आणि डबा मिळून त्याला 16 रुपये खर्च, म्हणजे मोदकामागे 19 रुपये सुटतात. फ्रीझरचा हप्ता, वीज आणि घरपोच देण्याची व्यवस्था हा ठरावीक खर्च महिन्याला 4,200 रुपये. महिन्याला 250 मोदक खपतील या अंदाजाने 550 रुपये नफा दिसत होता. पहिल्या मसुद्यावर सरांनी समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले होते: ‘आईची मजुरी?’

तिने ती मजुरी धरली. आई तासाला साधारण 20 मोदक करते, तासाचे 100 रुपये धरले तर मोदकामागे पाच रुपये वाढतात, आणि 550 रुपयांच्या नफ्याच्या जागी 700 रुपयांचा तोटा येतो. घाबरून तिने खपाच्या रकान्यात 250 खोडून 400 केले. तोटा गेला आणि 1,400 रुपये नफा आला. झोप उडाली ती त्यानंतर.

“तोट्याचा धंदा दाखवला तर सर म्हणतील, मग हा विषय निवडलास कशाला?” असे तिने मला विचारले. मी उत्तर न देता, 250 हा आकडा कुठून आला एवढेच विचारले. तिने पिशवीतून सोसायटीतल्या घरांमध्ये भरून घेतलेल्या प्रश्नावल्या काढल्या. त्यात पहिला प्रश्न होता, ‘घरगुती उकडीचे मोदक मिळाले तर तुम्हाला आवडतील का?’ दारात उभ्या असलेल्या शेजारच्या मुलीला या प्रश्नावर ‘नाही’ कोण म्हणणार? दुसरा प्रश्न मात्र नेमका होता: ‘गेल्या महिन्यात किती मोदक विकत आणले आणि काय भावाने?’ 250 हा आकडा या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांवरून काढलेला होता, आणि गणेशोत्सवातली मागणी बाराने गुणण्याची चूक, जी अशा प्रकल्पांत सर्रास दिसते, तिने केलेली नव्हती. 400 या आकड्यामागे एकही कागद नव्हता आणि हे तिच्याइतके स्पष्ट दुसऱ्या कोणाला माहीत नव्हते.

म्हणजे तिच्या मनात दोन भीती एकमेकींत मिसळल्या होत्या. गुण जातील ही पहिली. तोंडी परीक्षेत ‘हे 400 कुठून आणले?’ असे विचारले तर काय, ही दुसरी. दुसरीवर उपाय तिच्याच हातात होता. तिने माझ्यासमोर 250 पुन्हा लिहिले आणि पुढच्या भेटीत झोप बरीच सुधारल्याचे आईने सांगितले. पहिलीसाठी मात्र सरांशी बोलणे आवश्यक होते, कारण तपासणारा काय पाहणार हे मी परस्पर सांगणे बरोबर झाले नसते.

तिच्या संमतीने मी सरांना भेटलो. त्यांनी सांगितलेले निकष साधे होते. मागणीचा अंदाज खऱ्या माणसांना विचारून काढला आहे का, घरच्यांचे श्रम आणि घरची जागा फुकट धरली आहे का, अन्नपदार्थ विकण्यासाठी लागणारी नोंदणी विचारात घेतली आहे का, नारळ महागला तर हिशेबाचे काय होईल हे पाहिले आहे का, आणि निष्कर्ष आकड्यांतून निघतो की आधीच ठरवलेला आहे. नफा हा त्यात निकष नव्हताच. “तोटा दाखवणारी फाइल आली की मी आधी ती वाचायला घेतो,” असे ते म्हणाले, कारण दुकानातून विकत आणलेल्या तयार फाइलींत कधीही तोटा होत नाही. सगळीकडे असेच तपासले जाते असे मी म्हणणार नाही. रंगीत मुखपृष्ठ आणि पानांची जाडी पाहून गुण देणारे परीक्षकही असतात. म्हणून विद्यार्थ्यांना माझा सल्ला असतो की, गुण कशाला आहेत हे फाइल जमा करण्यापूर्वी शिक्षकांना सरळ विचारावे. आकडे बदलण्यापेक्षा ते सोपे असते.

वडिलांची तक्रार वेगळी होती. “साधा मोदकाचा धंदा जमेना, म्हणजे हिला धंद्याचे डोके नाही,” असे ते घरी बोलून गेले होते. व्यवहार्यता अभ्यास पैसे गुंतवण्यापूर्वी करायचा असतो, तो यासाठीच, आणि कर्ज देणारी बँकही हेच तक्ते मागते. चालणार नाही असा धंदा फ्रीझर विकत घेण्याआधी ओळखता येणे, याला धंद्याचे डोके म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे, असे मी त्यांना विचारले. ते माझ्याशी पूर्ण सहमत झाले नाहीत. मुलीसमोर ते वाक्य पुन्हा म्हणणार नाही, एवढे मात्र त्यांनी मान्य केले, आणि माझ्या दृष्टीने त्या दिवसापुरते तेवढे पुरेसे होते.

आईला मात्र मजुरीचा रकानाच पटत नव्हता. घरच्या कामाचे कसले पैसे, असे त्या म्हणाल्या. तेव्हा मुलीने समजावले, “आई, तू आजारी पडलीस तर ऑर्डर कोण पुरी करणार? बाई लावावीच लागेल ना?” यावर थोडा विचार करून त्या म्हणाल्या की, मग शंभर रुपये फारच कमी आहेत, पाऱ्या न फाटता मोदक वळणारी बाई दीडशेच्या खाली मिळायची नाही. सर्वेक्षणात न सापडलेली ही माहिती मुलीने तिथेच वहीत टिपून घेतली.

अंतिम अहवालात ‘वर्षभराचा व्यवसाय व्यवहार्य नाही’ हा निष्कर्ष तिने कायम ठेवला. घरगुती वापराचा 14.2 किलोचा सिलिंडर धंद्यासाठी वापरता येत नाही, त्याऐवजी 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर लागेल आणि खर्च आणखी थोडा वाढेल, हेही नमूद केले. त्यापुढे एका पानाची शिफारस जोडली: फ्रीझर नको, रोजची विक्री नको, फक्त संकष्टीसाठी आगाऊ ऑर्डर घ्यायची. तेव्हा ठरावीक खर्च 1,200 रुपयांवर येतो, आणि महिन्याला 150 मोदक गेले तर शंभर रुपये तास या मजुरीने 900 रुपये उरतात. आईने मागितलेल्या दीडशेच्या दरानेही 525 रुपये उरतात, हे तिने तोंडी परीक्षेत कोणी विचारण्याआधीच सांगून टाकले.