लिंगाधारित हिंसा म्हणजे नेमके काय आणि तिचा समाजावर कोणता परिणाम होतो?

एखाद्या व्यक्तीवर तिच्या लिंगामुळे, किंवा स्त्री-पुरुषांनी कसे वागावे याविषयीच्या रूढ अपेक्षा तिने मोडल्या म्हणून जी हिंसा होते, तिला लिंगाधारित हिंसा म्हणतात. पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्तीही तिला बळी पडतात. मात्र सर्वाधिक झळ स्त्रियांना बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 मधील अंदाजानुसार जगातील सुमारे 30 टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधीतरी जोडीदाराकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा, किंवा इतर कुणाकडून लैंगिक हिंसा सोसलेली असते.

मारहाण दिसते, म्हणून तिची दखल तरी घेतली जाते. पगार जमा होताच एटीएम कार्ड काढून घेणे, रोज रात्री मोबाइल तपासणे, माहेरी बोलायलाही परवानगी मागायला लावणे, हे मात्र ‘घरातले वाद’ म्हणून सोडून दिले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रियांवरील हिंसा संपवण्याविषयीच्या 1993 च्या जाहीरनाम्याने मानसिक हिंसेचाही स्पष्ट उल्लेख केला असूनही ही समज फारशी बदललेली नाही, असे मला वाटते.

परिणाम घरापुरते राहत नाहीत. पीडितेची रजा वाढते, नोकरी सुटते, नैराश्य येते. रुग्णालये, पोलीस आणि न्यायालये यांवरील भार वाढतो. दारात किल्ली फिरल्याचा आवाज येताच बोलणे थांबवून आईच्या चेहऱ्याकडे पाहणाऱ्या मुलाचे अभ्यासात लक्ष कसे लागणार? अशा घरांत वाढलेल्या मुलांमध्ये पुढे स्वतः हिंसा करण्याचा किंवा ती निमूट सोसण्याचा धोका अधिक आढळतो, पण प्रत्येकाच्या बाबतीत तसेच घडते असे नाही.