बागेची कल्पना कोणाची होती?

पन्नाशीतली माणसे समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा पुष्कळदा एकच सल घेऊन येतात: नोकरी झाली, घर झाले, मुले मार्गी लागली, पण जगून केले काय? जीवनाचा अर्थ शोधणारे चित्रपट पाहिल्यावर ही रुखरुख अनेकदा वाढते, कारण पडद्यावरच्या माणसाला दोन-अडीच तासांत जे गवसते ते आपल्याला अर्ध्या आयुष्यात गवसले नाही, असे वाटू लागते.

बँकेत अधिकारी असलेले एक गृहस्थ जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचा १९५२ सालचा ‘इकिरू’ हा चित्रपट पाहून असेच अस्वस्थ झाले होते. त्यातला वातानाबे हा नगरपालिकेतला विभागप्रमुख, पोटाचा कर्करोग झाल्याचे कळल्यावर, मरण्यापूर्वी मुलांसाठी बाग उभी करतो.

“त्याला मरण दिसलं म्हणून उद्देश सापडला. मी नुसते दिवस उरकतोय.”

“बागेची कल्पना कोणाची होती?” मी विचारले.

“त्याचीच ना?”

“पुन्हा पाहून या.”

पुढच्या भेटीत खुर्चीत बसण्याआधीच ते म्हणाले, “मॅडम, वस्तीतल्या बायकांची होती! सांडपाण्याचं डबकं बुजवून तिथे मुलांसाठी बाग करा म्हणून त्या सुरुवातीलाच येतात, आणि प्रत्येक खातं त्यांना पुढच्या खात्याकडे पाठवतं. अर्ज त्याच्याच कचेरीत पडून होता.”

याच क्षणाची मी वाट पाहत होते. आयुष्याकडून मला काय हवे, यापेक्षा आयुष्य माझ्याकडे काय मागते आहे हे विचारावे, असे नाझी छळछावण्यांतून वाचलेले मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल सांगतात, आणि इतक्या वर्षांच्या कामानंतर माझी त्यावरची श्रद्धा वाढतच गेली आहे.

“तुमच्या टेबलावर काय पडून आहे?”

बराच वेळ ते गप्प राहिले. मग पेन्शनसाठी नोव्हेंबरात द्याव्या लागणाऱ्या हयातीच्या दाखल्यांविषयी बोलू लागले: शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या एक आजी अंगठा पदराला पुसून पुन्हा पुन्हा यंत्रावर ठेवत होत्या, ठसा जुळत नव्हता, आणि काउंटरवरून त्यांना “उद्या या” असे सांगितले गेले होते.

उद्देश शोधणाऱ्यांना मी म्हणूनच सांगते, की डोळे मिटून आत शोधण्याआधी आपल्या दाराशी कोण ताटकळले आहे ते पाहावे. मात्र झोप आणि भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणेच नकोसे वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.

“वातानाबेच्या मृत्यूनंतर सहकारी रडून शपथा घेतात आणि कामावर परतताच पुन्हा पहिल्यासारखे वागतात. माझंही तसंच झालं तर?” त्या गृहस्थांनी विचारले.

“त्यांनी सगळंच बदलायची शपथ घेतली. वातानाबेने एक अर्ज उचलला.”

त्यांनीही एकच काम उचलले. अंगठा न जुळणाऱ्यांचा दाखला त्याच दिवशी कागदावर पुरा करून द्यायचा, असे त्यांनी शाखेत ठरवून घेतले, आणि ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी ते स्वतः जाऊ लागले.